राणू वल्द खंडू

"सीट रद्द म्हंजी काय, मॅडम? दुसऱ्याला देतेत का मोकळीच ठिवतेत?"

चंद्रकलाबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांची प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर पालथी झालेली होती. रेशनकार्ड, आधार, मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पशुवैद्यकीय कॉलेजचं पत्र. सोनालीला राखीव जागेवर तात्पुरती अ‍ॅडमिशन मिळाली होती. दिवाळीच्या आत जात पडताळणीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ते दिलं नाही तर अ‍ॅडमिशन रद्द.

"दुसऱ्याला देतात," मी म्हणाले.

"मंग बरंय. मोकळी राहिली असती तर लई जिवाला लागलं असतं."

सोनाली शेजारीच बसली होती. ती आईकडे बघून म्हणाली, "माय, आपली जायलीय अन तुला बरं वाटतंय?"

मी बीडला रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली. सगळी हयात बस्त्यांमध्ये गेली. बस्ता म्हणजे जुने कागद लाल कापडात बांधून ठेवलेलं गाठोडं. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमचे जुने कागद एक तर उर्दूत, नाही तर मोडीत. मला दोन्ही वाचता येतं. रिटायर झाल्यावर लोक घरी येऊ लागले. पूर्वी वाड-वडील कोण होते याची चौकशी कुणी करत नसे. आता ज्याला त्याला पणजोबा हवा असतो, तोही शिक्क्यासह.

चंद्रकलाबाई उमापूरच्या. नवऱ्यानं टाकल्यावर कडेवरच्या पोरीला घेऊन माहेरी आलेल्या. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकटी बाई गेली तर मुकादम तिला अर्धा कोयता म्हणतो. सोनाली लहानाची मोठी होईपर्यंत त्या दर हंगामाला अर्धा कोयता म्हणूनच जात होत्या. पोरीला आजीपाशी ठेवायच्या आणि तिची शाळा बुडू द्यायच्या नाहीत.

आता अडचण काय होती ते सांगते. व्हॅलिडिटीला दोन गोष्टी लागतात. एक, ठरावीक तारखेच्या आधीचा असा कागद, ज्यावर वडिलांकडच्या पूर्वजाचं नाव आणि जात आहे. दुसरी, त्या पूर्वजापासून मुलीपर्यंतची वंशावळ आणि ती खरी असल्याचं वडिलांच्या घरातल्या माणसाचं शपथपत्र. आईकडचे कागद चालत नाहीत, निदान आम्हाला तसंच सांगण्यात आलं. सोनालीचे वडील बबन शिरूर कासारकडचे. मेंढपाळाचं घराणं. आजोबा सीताराम शाळेत गेले नाहीत. पणजोबा राणू यांच्या नावावर जमीन नव्हती. शाळा नाही आणि जमीन नाही म्हटल्यावर सरकारी कागदात माणूस यायचा कुठून?

मला मात्र चेव आला. अवघड कागद म्हटला की माझं असंच होतं. मी विचार केला, मेंढ्या होत्या म्हणजे त्या चरायला कुठे तरी नेल्या असणार. आणि निजामाच्या जंगलात फुकट कुणी चरू देत नसे. म्हणजे चराईचं रजिस्टर असणार.

बीडला ते नव्हतं. विभागाच्या ठिकाणी पुराभिलेख कार्यालय आहे, म्हणजे राज्याचे जुने कागद जपून ठेवायची जागा. तिथे पाच दिवस बसले. तिथल्या यादीत फक्त एवढं कळलं की जंगल खात्याचे बस्ते हैदराबादहून इकडे आलेच नाहीत. राज्याची वाटणी झाली तेव्हा आमचा जिल्हा इकडे आला, काही कागद तिकडेच राहिले. मग हैदराबाद. सोनाली बरोबर आली. दिवसभर ती बस्ते सोडायची, मी वाचायची. तिला उर्दूतलं एक अक्षर येत नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी 'राणू' कसं दिसतं ते तिनं माझ्याकडून वहीत काढून घेतलं. सहाव्या दिवशी तिनंच बोट ठेवलं.

"मॅडम, हे बघा बरं."

राणू वल्द खंडू. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढे गावाचं नाव, मग कौम, म्हणजे जात. अगदी हवी तीच. मेंढ्या छप्पन, शेळ्या चार, घोडी एक.

सोनाली रडली नाही. तिनं विचारलं, "घोडीचं नाव न्हाई लिहिलं?" मी हसले. परतीच्या वाटेवर ती त्या घोडीबद्दलच बोलत होती. कोणत्या रंगाची असेल, शिंगरू असेल का. ही पोरगी जनावरांची डॉक्टर झालीच पाहिजे, असं मला त्या प्रवासात वाटलं. माझ्या वाटण्याला किंमत किती ते पुढे कळलं.

रीतसर प्रमाणित नक्कल हातात यायला तीन आठवडे गेले. मी मराठी भाषांतर केलं. आता उरलं फक्त शपथपत्र. मला ते सगळ्यात सोपं वाटलं होतं. मेलेली माणसं सापडली, जिवंत माणूस कुठे जातोय!

चंद्रकलाबाई सोबत यायला तयार नव्हत्या. "मला बघून तो सही करायचा न्हाई. तुमी शिकलेल्या हाव, तुमचं ऐकंल." मी एकटी गेले. बबनराव घरीच होते. दुसरी बायको, दोन मुलं, दारात ट्रॅक्टर, मागे मेंढ्यांचा वाडा. चांगलं आदरानं बसवलं, चहा केला. मी नक्कल काढून वाचून दाखवली. राणू वल्द खंडू म्हटल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगते.

"मॅडम, तुमी आमच्या आज्याला धुंडून आणलं. आमी नुसतं नाव ऐकलतं."

"तुमच्या मुलीनं शोधलं," मी म्हणाले.

त्यांनी नक्कल माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "पोरगी हुशार निघाली. करतो की सही. कावून न्हाई करायची? पण खंडूचं नाव एकदा चुलत्याला इचारून घेतो. म्हातारा वाचून दाखवल्याबिगर मानायचा न्हाई. कागद राहू द्या दोन दिस. सोमवारी शिरूरला तहसीलीत येतो."

आणि मी अस्सल प्रमाणित नक्कल, भाषांतरासह, त्यांच्या हातात ठेवून आले.

नोकरीभर मी लोकांना एकच गोष्ट बजावत आले, अस्सल कागद हातातून सोडू नका. शिपायाच्या हातात एक पान दिसलं तरी मी ओरडायची. आणि एका माणसाच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी सगळं विसरले. मला वाटलं, रक्त बोलतंय. माझा मलाच राग अजून येतो.

सोमवारी मी आणि सोनाली तहसीलीच्या पायरीवर चार वाजेपर्यंत बसलो. बबनराव आले नाहीत. फोन केला तर, "चुलता आजारी हाय, बुधवारी बघू." बुधवारी फोन बंद. पुन्हा घरी गेले तर बायको दारातूनच म्हणाली, "ते मेंढरं घेऊन गेलेत, कवा येतेल सांगता येत न्हाई." ट्रॅक्टर दारात होता आणि ट्रॅक्टरच्या पलीकडे बबनरावांच्या चपला होत्या.

मी हैदराबादला दुसऱ्या नकलेचा अर्ज टाकला आणि तोवर घरी काढून ठेवलेल्या झेरॉक्सवर, शपथपत्राशिवायच, सोनालीचं प्रकरण दाखल केलं. चौकशी झाली. सुनावणीच्या दिवशी पडताळणी समितीच्या टेबलामागचे साहेब सभ्य होते. त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली.

"मॅडम, तुम्ही जुन्या कर्मचारी, तुम्हीच सांगा. याच घराण्याची दुसरी वंशावळ आमच्याकडे आहे. बबन सीताराम यांनी आपल्या मुलांसाठी दिलेली. हे बघा."

मी बघितलं. खंडू, त्याखाली राणू, त्याखाली सीताराम, त्याखाली बबन. बबनच्या खाली दोन मुलगे. बस. शपथपत्रात स्पष्ट लिहिलेलं, याशिवाय मला अपत्य नाही. शपथपत्राची तारीख आमच्या हैदराबादच्या फेरीच्या वर्षभर आधीची. तेव्हा प्रकरण पुराव्याअभावी अडकलं होतं. आता पुरावा जोडला गेला होता. चराईच्या रजिस्टरची अस्सल नक्कल आणि खाली भाषांतरावर माझी सही.

"मुलांची व्हॅलिडिटी झाली का?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

आता सगळं समजलं. सोनालीसाठी सही केली असती तर बबनरावांची आधीची शपथ खोटी ठरली असती आणि मुलांचंही गेलं असतं. माणसानं हिशेब सरळ केला होता. दोन ठेवले, एक सोडलं.

"जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव आहे, साहेब. शाळेच्या दाखल्यावर आहे."

"आहे ना. पण वडील नाही म्हणतात. चौकशीत चुलते, शेजारी सगळे नाही म्हणाले. हा वाद कोर्टात मिटवावा लागेल. त्याचा निकाल आणा, आम्ही लगेच बघतो."

दिवाळीला अकरा दिवस होते.

सोनाली बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, नक्कल मी ठेवून आले हेही. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "त्यानला दोन पोरं हायेत? केवढाली?" तिला भाऊ आहेत हे तिला त्या बाकावर कळलं.

अ‍ॅडमिशन रद्द झाली. कोर्टात दावा टाकलाय, वकील ओळखीचे आहेत, तारखा पडत आहेत. हैदराबादची दुसरी नक्कल आली, ती माझ्या कपाटात आहे.

आता कुणी पूर्वजांचा कागद शोधायला आलं, तर मी बस्त्याचं नावच काढत नाही. आधी विचारते, घरातल्या जिवंत माणसांत सही कोण करणार? त्याला घेऊन या, मग मेलेल्यांचं बघू. लोकांना राग येतो. येऊ दे.

दिवाळी झाल्यावर चंद्रकलाबाईंचा फोन आला होता. मागे ट्रकचा आवाज, बायकांचा गलका. टोळी निघाली होती. मी म्हणाले, या वर्षी तरी अंगावर काम कमी घ्या, एकटीनं किती ओढाल?

"एकटी न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "आवंदा मुकादमानं पूरा कोयता धरलाय. मी अन सोनी."