कडब्याच्या खोलीतले पंधरा दिवस

मी एकदा माझ्या थोरल्या जाऊबाईंना माया समजून दारातून परत पाठवलं. माया म्हणजे प्रवचनात सांगतात ती, साधकाला वाटेतून मागं ओढणारी. जाऊबाईंच्या हातात निळं इनलँड पत्र होतं, डोक्यावर ओली चुंबळ होती, आणि मायेला चुंबळ कशाला लागेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. मॅट्रिक पास होते मी. घरातल्या बायकांत एकटीच.

बहात्तर सालचा चातुर्मास होता. पाऊस नव्हताच. केडगावात लोक विहिरी खोल करत होते, मी आत्मा खोल करायला घेतला. देवळात रोज दुपारी एका बुवांचं प्रवचन असे. ते म्हणाले, मौन आणि एकांत यांच्याशिवाय माणसाला स्वतःची ओळख पटत नाही. तेवीस वर्षांची मी. मला वाटलं, हे खास माझ्यासाठीच बोलले. बाकीच्या बायका पाण्याचा टँकर आला का म्हणून माना वळवून बाहेर बघत होत्या, तेव्हा ऐकणारी मी एकटीच असणार हेही खरंच.

बायका चातुर्मासात काहीबाही नेम धरतातच. कुणी वांगं सोडतं, कुणी पानावर जेवतं. मला इतकं स्वस्तातलं नको होतं. मी एकवीस दिवसांचं मौन धरलं आणि घरामागची कडब्याची खोली एकांताला घेतली. दुष्काळानं कडबा संपलेला, खोली आयतीच रिकामी. पहाटेच्या भाकरी थापायच्या, अंघोळ करायची आणि दिवे लागेपर्यंत आत बसायचं, असा माझा बेत. बेत सगळ्यांनी मान्य केला. सासूबाई तर फारच लवकर राजी झाल्या. शेजारणीला म्हणाल्या, "एकवीसच का गं, चांगलं चार म्हैनं धर म्हनावं."

आमचे हे नागापूरच्या एका वर्कशॉपात कामाला होते. पहिल्या दिवशी टॉवेल कुठं आहे हे त्यांनी मला चारदा विचारलं, मी चारदा बोटानं दोरी दाखवली, आणि ते सदऱ्याला तोंड पुसून सायकलवरून गेले. मला वाटलं, संसार सुटत चालला.

बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी एक पाटी केली होती. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मौन आहे. एकवीस दिवस." कुणी काही विचारलं की पाटी वर करायची. तिसऱ्या दिवसापासून मी हळू चालायलाही लागले, डोळे अर्धे मिटून. शेळीच्या खुंट्याला ठेचाळले तेव्हा "आई गं" सुद्धा म्हटलं नाही, याचा मला दोन दिवस अभिमान पुरला. गल्लीतल्या दोघी बायका पाया पडून गेल्या. मी हात वर करून आशीर्वाद दिला! आठवलं की अजून कान गरम होतात. सहाव्या दिवशी मला आतून नाद ऐकू यायला लागला. बारीक, अखंड, गोड. बुवांनी सांगितलेला तो हाच, म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नवव्या दिवशी वाशातून भुंगा बाहेर पडला आणि नादही त्याच्याबरोबर गेला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती. मी आत बसले म्हणजे माझ्या वाटचं पाणी कोण आणतं? जाऊबाई. माझं लुगडं कोण धुतं? जाऊबाई. सकाळी खडी फोडायच्या कामावर जायचं, परत येऊन दोघींचे हंडे भरायचे. माझा एकांत त्या डोक्यावरून वाहत होत्या, आणि मी आत बसून जगाचा भार हलका झाल्याचा अनुभव घेत होते.

जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांचं माहेर पुण्याच्या रस्त्याला, सुप्याच्या पुढं दोन कोसांवर. आषाढापासून त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि त्या भावाच्या पत्राची वाट बघत होत्या. जायची वेळ आली की तो कळवणार होता. पत्रं मीच वाचून दाखवायची, दुपारी, दोघीच असताना. थोरल्या दीरांना वाचता यायचं, पण ते अंगणात उभं राहून बातम्या दिल्यासारखे वाचत, आणि जाऊबाईंचा भाऊ आमच्या घरच्यांबद्दल काय वाटेल ते लिहायचा. म्हणून तर तो कार्ड न टाकता इनलँड टाकी.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही अकराव्या दिवशी त्या पत्र घेऊन दारात आल्या तेव्हा मला बुवांचं वाक्य आठवलं: साधक बसला की माया सगळ्यात जवळच्या माणसाचं रूप घेऊन येते.

"अगं, एवढं बघ की जरा," जाऊबाई म्हणाल्या. "आईचं काय लिवलंय? बोलू नको, नुस्ती मान हालीव. जायचं का न्हाई, तेवढंच सांग."

मी पाटी वर केली.

ज्या बाईला वाचता येत नाही म्हणून ती माझ्याकडे आली होती, तिच्यापुढं मी लिहिलेली पाटी धरली. आणि डोळे मिटून घेतले. मग पावलं गेली. मला वाटलं, जिंकले.

चार दिवस ते पत्र त्यांच्या चोळीत होतं. पुन्हा काही त्या आल्या नाहीत.

पंधराव्या दिवशी टँकर नेमका माझ्या खोलीमागं थांबला. भिंतीला वर एक झरोका होता. त्यातून रांगेतली भांडणं मला रोज ऐकू येत, आणि मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची साधना करत असे. त्या दिवशी शाळामास्तरांच्या बायकोचा आवाज आला. मास्तरीणबाईंचा आवाज टँकरच्या इंजिनाला भारी होता. जाऊबाईंनी शेवटी पत्र त्यांच्या हातात दिलं होतं.

"आईचं काही खरं नाही," मास्तरीणबाई वाचत होत्या, "रात्रंदिवस तुझंच नाव घेते. पत्र मिळताच निघ. तुझी सासू सोडायची नाही. तोंडानं साखर पेरते आणि कामाला बैलासारखं जुंपते."

"पुढचं वाचू नका!" मी आतून ओरडले.

माझं मौन सुटलं ते असं, नको ते वाक्य वाचून झाल्यावर. इतक्या दिवसांनी आवाजही धड निघाला नाही. बाहेर हंडा पडल्याचं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "अगं बया, कडब्याच्या खोलीत कोन हाय?"

मी धावत बाहेर आले. सासूबाई रांगेत चौथ्या होत्या. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "जुंपते तर जुंपते. ठेव तो हंडा हितं आन् नीघ आदी. पुन्याची गाडी चुकंल."

जाऊबाई माझ्याकडे न बघता गेल्या.

त्या पोचल्या तेव्हा त्यांच्या आईची वाचा आदल्या दिवशीच गेली होती. लेकीला ओळखलं, हात धरून ठेवला, पण बोलता आलं नाही. आणखी सहा दिवस म्हातारी होती. निरोप घेऊन आलेल्या माणसानं हे सांगितलं तेव्हा मी बोटांवर दिवस मोजले. पत्र आलं त्या दिवशी ती बोलत होती. तिच्या लेकीनं ऐकायचे ते शब्द मी कडब्याच्या खोलीत बसून घालवले होते.

जाऊबाई तेरावं करून परत येईपर्यंत पाणी मी आणलं. मान वाकडी झाली. रांगेतल्या बायका विचारायच्या, "काय माताजी, आज समादी न्हाई का?" मी बोलणी ऐकून घ्यायची. खोटी होती थोडीच?

जाऊबाई आल्या त्या दिवशी दुपारी रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत सोप्यात बसल्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बुवा, माया, पाटी, भुंगासुद्धा. रडत रडत, बरंच लांबवून. मधेच त्या एकदा खडा टाकायला वळल्या, तेवढंच. मी थांबले तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं का बोलून? आता उद्यापासनं दुपारचं मला लिव्हायवाचायला शिकीव. तुला परत कदी देव आठवंल, त्याचा काय नेम न्हाई."