पॉलिसी परत करायचे तीस दिवस

मस्कत सोडलं त्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात मी तीन वस्तू परत केल्या. हेल्मेट, गेटपास आणि दवाखान्याचं कार्ड. हेल्मेटचं काही वाटलं नाही. गेटपासवरचा फोटो तर मलाच ओळखू येत नव्हता. कार्ड देताना मात्र हात रेंगाळला. सत्तावीस वर्षं त्या कार्डानं माझा ताप-खोकला, दात, पाठ सगळं सांभाळलं होतं, आणि एकदा त्याहून मोठं काम केलं होतं. ते घरी कुणाला ठाऊक नव्हतं. काउंटरवरच्या माणसानं कार्ड कात्रीनं मधोमध कापलं आणि टोपलीत टाकलं. विमानतळापर्यंत मी उगीच खिसा चाचपत होतो.

आमच्या लोहारा तालुक्यातून आखातात जाणारे फार नाहीत. मी गेलो तो भूकंपामुळं. सास्तूरचं नवं गाव उभं राहत होतं तेव्हा घराघरांत वायरिंग करायला ठेकेदाराला माणसं हवी होती. तिथं माझा हात बसला, आणि पुढं त्याच ठेकेदारानं मला मस्कतला नेलं. इलेक्ट्रिशियन म्हणून गेलो, फोरमन होऊन परतलो. वर्षातून एक महिना घरी. बाकीचे अकरा महिने शेत, माझे आईवडील, मुलगा, सगळं बायकोनं ओढलं. आता आईवडील नाहीत, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि मीच वायरी ओढलेल्या घरात आम्ही दोघं राहतो.

परत आल्यावर कंपनीनं शेवटी दिलेले पैसे मी बँकेत एफडीला टाकले आणि जाहीर करून टाकलं, की ही दवाखान्याची. पॉलिसीवाल्यांना मी दारातून वाटेला लावायचो. आपण धडधाकट राहायचं आणि हप्ता भरून दुसऱ्याचं ऑपरेशन करायचं, हा कुठला शहाणपणा? माझा विमा मीच, असं मी छाती काढून सांगायचो. आणि ज्या छातीच्या जिवावर सांगायचो, तिच्यात एक स्टेंट होता.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इमारतीच्या गच्चीवर एसीच्या लाइनचं काम बघत होतो, तेव्हा डाव्या हातातून कळ निघाली आणि जबड्यापर्यंत गेली. गाडीतून दवाखान्यात नेलं, कार्ड दाखवलं, दिवस मावळायच्या आत स्टेंट बसलासुद्धा. खाटेवरूनच मी घरी फोन केला, की वाळवंटात साइट आहे, चार दिवस रेंज नाही. मुलाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. बायकोला कळलं असतं तर तिनं मला पहिल्या विमानानं परत बोलावलं असतं. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याचंच वायरिंग जळालंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? गोळ्या अजून रोज घेतो. तिला पित्ताच्या म्हणून सांगितल्यात. दवाखान्याचे कागद बॅगेच्या अस्तरात.

तेरला माझे साडू राहतात, निवृत्त मास्तर. त्यांनी माझ्या एफडीची पार खिल्ली उडवली. "एका आयसीयूत संपती तुमची एफडी. चार दिवसांत," ते म्हणाले. "आमी दोघांनी पॉलिसी घेतली, तुमी बी घ्या." मुलगाही फोनवर तेच म्हणत होता, त्याच्या ऑफिसच्या विम्यात आईबाप बसत नव्हते. आणि एकदा भाकरी वाढता वाढता बायकोही म्हणाली, "घ्या की. काय सांगता येतं का कुणाचं?" तिनं असं कधी काही मागितलेलं नव्हतं. मी तयार झालो.

एजंट लोहाऱ्याचाच, चाळिशीतला, झेरॉक्सचं दुकान असलेला. आधार कार्डावरची माझी जन्मतारीख बघून हसला. "एक जून. गुरुजींची किरपा!" शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला एक जूनला जन्माला घातलं होतं. आई सांगायची, मी ज्वारीच्या काढणीत झालो. म्हणजे कागदावर मी काही महिने जास्तच म्हातारा. "जूनच्या आत उरका काका, न्हायतर हप्ता चढतोय," तो म्हणाला आणि मोबाइलवर फॉर्म उघडून मोठ्यानं प्रश्न विचारू लागला.

"बीपी? शुगर? दमा? हार्टचं काय?"

बायको चहा घेऊन दारात उभी होती. मी कपाकडं बघत म्हणालो, "नाही."

आमच्या घरात आजाराचं नाव घ्यायची पद्धतच नाही. माझी आई टीबीला टीबी म्हणायची नाही, 'तो आजार' म्हणायची. त्यामुळं तो नकार तोंडातून फार सहज निघाला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काकू, तुमचं? कुठं गाठ, सूज, ऑपरेशन?"

"मला काय धाड भरलीय," बायको म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणत आत गेली.

"समदं न्हाय टाकतो. सगळेच टाकत्यात," एजंट म्हणाला. माझ्या फोनवर ओटीपी आला. सहाच्या सहा आकडे मी त्याला स्वच्छ वाचून दाखवले, दोनदा. लातूरला नेऊन आमची रक्ततपासणी झाली, ईसीजी निघाला. तोही सरळ आला. यंत्रसुद्धा माझ्या बाजूनं खोटं बोललं. आठवड्याभरात पॉलिसी मंजूर झाली. एजंटानं आपल्याच दुकानात कार्डाला प्लॅस्टिक चढवून आणून दिलं, आणि मी ते पाकिटात जुन्या कार्डाच्या जागी ठेवलं. बायकोनं ते दोनदा मागून घेऊन बघितलं.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग तेरहून मेहुणीचा फोन आला, की साडूंच्या पायाला जखम होऊन बोट काढावं लागलं, आणि पॉलिसीनं पैसे नाकारले. आम्ही धाराशिवला गाडी बदलून तेरला पोचलो. साडू ओसरीवर पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"फॉर्मवर म्या शुगर न्हाय म्हणलो होतो," त्यांनी सांगितलं. "दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कधीपासून हाय? म्हणलं, धा वर्षं. त्यानं लिवलं. कंपनीनं नेमकं त्याच कागदावर बोट ठेवलं."

"मग डॉक्टरला कशाला सांगितलंत?" मी विचारलं.

"अवो, डॉक्टरला खोटं सांगून कसं चालंल? पाय माझा हाय."

आम्ही सगळे असेच. फॉर्मला खोटं आणि डॉक्टरला खरं, आणि हे दोन कागद कधी एकमेकांना भेटतील हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बायकोनं एकच विचारलं, "डॉक्टर लिवत्यातच का, कधीपासून ते?"

"पैला प्रश्न तोच," साडू म्हणाले.

परतीच्या एसटीत मी पॉलिसीचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. न पटल्यास तीस दिवसांत परत करता येईल, असं एका पानावर होतं. मी बोटांवर मोजलं. नऊ दिवस उरले होते. परत करून खरं लिहून नवी घ्यावी, तर एक तर मला घेणार नाहीत, आणि घेतलंच तर हप्ता वाढणार, वर पहिली तीन वर्षं हृदयाच्या दुखण्याला पैसे नाहीत, म्हणजे तोवर हृदयाला दम धरायला लागणार. एफडीवर विसंबावं, तर ती एका आयसीयूची. गप्प बसावं, तर माझी गत तेरच्या साडूंसारखी. आणि काहीही करायचं म्हटलं तरी आधी बायकोला सांगणं आलं. कार्ड आल्यापासून तीच जास्त निवांत दिसत होती.

ते दिवस फार वाईट गेले. छातीत जरा चमकलं, की मला हृदयाच्या आधी कंपनीचं पत्र डोळ्यांसमोर यायचं. बॅग काढायचो, अस्तर चाचपायचो, परत माळ्यावर ठेवायचो. तिसऱ्या दिवशी बायको अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती, तेव्हा मी ते कागद नेऊन तिच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. वाळवंटातली साइट, पित्ताच्या गोळ्या, फॉर्मवरचं 'नाही'.

तिनं सूप खाली ठेवलं. रडेल असं वाटलं होतं. ती चिडली.

"चार दिवस रेंज न्हाय म्हणला होता तुमी. त्या चार दिवसांत म्या पोराच्या फीसाठी तुमच्याशी भांडायचं ठरवून ठिवलं होतं. तुमी तिकडं मरत होता, आन् म्या इकडं भांडण घोकत होते."

"चुकलं," मी म्हणालो.

तिनं डाळीत बोटं फिरवली. मग खाली बघतच म्हणाली, "मग माझं बी लिवा. गाठ हाय."

"कुठं?"

तिनं पदराखाली हात नेऊन डाव्या बाजूला ठेवला. "दोन वर्षं झाली."

दोन वर्षं, म्हणजे मी परत आल्यानंतरची पहिली दिवाळी. तेव्हापासून मी याच घरात होतो, वाळवंटात नव्हतो. "मला का नाही सांगितलंस?"

"सत्तावीस वर्षांनी तुमी घरी आलता. म्हणलं, कशाला मोडता घालायचा? तेच्यात दुखत बी नव्हतं. दुखलं असतं तर सांगितलं असतं की."

बार्शीला, कॅन्सरच्या दवाखान्यात जायचं म्हटलं, की आमच्या भागात माणसं पुढचं विचारत नाहीत. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. रांगेत आमच्यासारखीच जोडपी होती, पिशव्यांत फायली, डब्यात भाकरी. माझ्या पाकिटात कार्ड होतं. परत करायला पाच दिवस बाकी होते, आणि खोटं सांगितलं तर ते कार्ड अजून खरं ठरणार होतं. साडूंचा पाय सारखा डोळ्यांपुढं येत होता. कागदावर काय लिहिलं जाईल, त्यावर सगळं होतं.

डॉक्टरीण बाईंनी तपासलं, खुर्चीत बसल्या, पेन उघडलं.

"किती दिवसांपासून आहे, मावशी?"

"पंधरा दिवस," बायको म्हणाली. अगदी स्वच्छ, मी ओटीपी वाचला होता तशी.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. तिनं हे माझ्यासाठी केलं हे मला कळलं. माझी एफडी, माझं कार्ड, माझी छाती, या सगळ्यांसाठी. आणि मनात क्षणभर आलं, राहू दे. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"दोन वर्षं," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली, मॅडम. तसं लिहा."

टेबलाखाली बायकोनं माझ्या पायावर पाय दाबला. बाईंनी आधीचं खोडलं आणि वर नवं लिहिलं. "दुखते का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. अजाबात न्हाय," बायको म्हणाली. तिला वाटलं, ही तरी चांगली बातमी आहे.

बाईंनी तिला सुईच्या तपासणीसाठी आत पाठवलं. "दुखत असती तर मला थोडी कमी काळजी वाटली असती," त्या मला म्हणाल्या. मग सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टला आठ दिवस.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. "उगंच बोललात. कार्ड वाया गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"एफडी मोडावी लागंल."

"मोडू."

"आन् तुमच्या छातीचं काय झालं, तर?"

येडशी गाव मागं पडल्यावर तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

दोन दिवसांनी मी पॉलिसी परत करायचा अर्ज दिला. एजंटला वाटलं मला वेड लागलं. "काका, तीस दिवसांत कुणी परत करतंय व्हय? येळ पडली तर काय करचाल?" मी त्याला म्हटलं, वेळ पडलीय. ते त्याला समजलं नाही, आणि मीही समजावून सांगितलं नाही. खरं लिहून नवा अर्ज करायचा, की एफडीवरच राहायचं, हे रिपोर्ट आल्याशिवाय ठरवता येणार नाही. पाकिटातला कप्पा पुन्हा रिकामा आहे. माझा विमा मीच, हे आता मी कुणाला सांगत नाही.

रिपोर्ट गुरुवारी आहे. तोवर मी पित्ताच्या गोळ्या तिच्यासमोर, त्यांच्या खऱ्या नावानं घेतो, आणि रोज सकाळी चहाच्या वेळी तिला विचारतो, दुखतंय का. ती म्हणते, न्हाय. मला धीर यावा म्हणून हसून म्हणते. आणि मी कप हातात धरून मनातल्या मनात हात जोडतो, की अगं, एकदा तरी व्हय म्हण.