शंभूमामांची पाठ

...तर अंतरपाट खाली आला आणि शंभूमामांचा टॅब वर गेला, इथवर काल गोष्ट आली होती. तेवढ्यात चहा आला आणि गाडी भलतीकडंच वळली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागं जायला हवं, नाहीतर म्हैसूरच्या रम्याला त्या दिवशी एवढा संताप का आला, हे कुणाला कळायचं नाही.

रम्याचा स्टुडिओ जयलक्ष्मीपुरमला, औषधाच्या दुकानाच्या माडीवर. नाव 'निधी फोटोज'. पोरगी झाली त्याच वर्षी दुकान उघडलं, तेव्हा दोघांना एकच नाव. पोरीचं पाळण्यातलं नाव श्रीनिधी, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. सोमवार ते शुक्रवार रम्या मेटगळ्ळीच्या कारखान्यांचे नट-बोल्ट, व्हॉल्व्ह आणि उदबत्तीची पाकिटं पांढऱ्या कागदावर मांडून त्यांचे फोटो काढायची, आणि शनिवार-रविवारी नवरा-नवरीचे. ती म्हणायची, त्यातल्या त्यात बोल्ट बरे, त्यांचे मामा नसतात.

यातून वेळ उरला तर स्वतःसाठी एखादा फोटो. हे फोटो विकायचे नाहीत, दुकानात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर लावायचे. मार्केटात कुंकवाच्या पोत्यावर झोपलेलं मांजर, सायकलवरून आरसा नेणारा माणूस आणि त्या आरशात उलटा चाललेला रस्ता, असले. लोक भिंत बघायचे, 'छान छान' म्हणायचे आणि पासपोर्ट फोटो काढून जायचे.

राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. एकदा एका कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, बोल्ट चांगला आलाय, पण त्यात फीलिंग नाही." सकाळपासून त्या एका बोल्टपुढं गुडघे टेकून बसलेली ती. म्हणाली, "फीलिंग आहे सर, माझ्यात आहे. ती बोल्टात कुठल्या भोकातून घालायची तेवढं सांगा." मॅनेजर हसला म्हणून निभावलं. पुढं तोच तिला दरवर्षी बोलवायला लागला.

हा राग आजोबांकडून आलेला. गुंडुराव आजोबा रंगाऱ्यांच्या घरातले शेवटचे, ज्यांनी स्वतःच्या हातानं लाकडी ठशांनी कापड छापलं. गिऱ्हाईक म्हणालं, "राव, हा ठसा जरा सरकलाय, पुन्हा मारा," की म्हातारा ठसा बाजूला ठेवून कापडच घडी करायला घ्यायचा. "पुन्हा मारला की दोन दिसतात," एवढंच बोलायचा. रम्या त्यांच्या शेजारी पाटावर बसून मोठी झाली. म्हणून तीही कधी कुणाला 'वन्स मोअर' म्हणत नाही. बाकीचे फोटोवाले नवऱ्याला तीनतीनदा मंगळसूत्र बांधायला लावतात, भटजींनाही आता त्याची सवय झाली आहे. हिचं तसं नाही. घडताना मिळालं तर मिळालं.

तर सुमाचं लग्न. सुमा ही शंभूरावांच्या बहिणीची मुलगी. शंभूरावांना आपला सगळा रंगारी समाज शंभूमामाच म्हणतो, कारण समाजातल्या अर्ध्या मुलींच्या मागं लग्नात मामा म्हणून तेच उभे राहिलेले. लग्न टी. नरसीपूरला, संगमाजवळच्या छत्रात. आपण ज्याला कार्यालय म्हणतो त्याला तिकडं छत्र म्हणतात. आपल्या समाजातलं रम्याला मिळालेलं हे पहिलंच लग्न. तोवर लोक बेंगळुरूहून ड्रोनवाली पोरं आणायचे. "आपलीच पोरगी आहे, बघू तरी," असं म्हणून सुमानं हट्टानं तिला काम दिलं होतं, आणि आणखी दोन-तीन घरं हे लग्न कसं पार पडतंय ते बघून ठरवणार होती. नट-बोल्टांवर दुकान चालतं, पण माणसांचे फोटो काढायचे तर समाजात नाव व्हायला हवं. रम्याला तेच हवं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी घरात ओढाताण. नवरा रविकिरण पहिल्या पाळीला, सासूबाई गौराबाईंचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मग सहा वर्षांची निधी आईबरोबर. रम्यानं तिला मांडवाच्या पायऱ्यांजवळ बसवलं, हातात रंगीत खडू दिले आणि बजावलं, "अम्मा हाक मारेपर्यंत उठायचं नाही."

"सूसू आली तर?"

"तर बाजूच्या अज्जीला सांग. मला नाही."

मंगलाष्टकं सुरू झाली. नवरीचा मामा नवरीला मांडवात आणतो आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत तिच्या मागं उभा राहतो, ही आपली रीत. शंभूमामा उभे राहिलेही. पण शेवटचं कडवं आलं आणि त्यांना राहवेना. अमेरिकेतल्या मुलाला दाखवायचं म्हणून नवा टॅब घेतला होता, चांगला जेवणाच्या ताटाएवढा. भाचीच्या मागची जागा सोडून ते वळसा घालून पुढं आले. उपरणं तिच्या मागच्या खुर्चीवरच टाकून आले. नेमके रम्याच्या कॅमेऱ्यापुढं, दोन हात लांब, पाठमोरे उभे राहिले आणि टॅब डोक्यावर धरला.

"मामा, सरका!" रम्या ओरडली. सनईत कुणाला ऐकू जातंय.

त्याच क्षणी तिच्या मागं धप्प झालं. आणि मग, "अम्मा! अम्मा!"

अंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या. रम्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, गुडघ्यावर बसून दाबलं. मगच वळली. निधी पायरीवरून पडली होती, खालचा ओठ फाटला होता, फ्रॉकवर रक्त. रम्यानं कॅमेरा गळ्यात टाकला, पोरीला कडेवर घेतलं आणि ओढणीचं टोक ओठाला लावलं.

शंभूमामा वळले ते तेव्हा. आणि त्यांना दिसलं ते एवढंच की फोटोवाली पायरीवर बसून पोर चुचकारते आहे.

"काढलास का?"

"काढला."

"कधी काढलास? तू तर इथं बसलीयस! अय्यो देवा, बघा री बघा, अंतरपाट पडला आणि हिचं लक्ष पोरीकडं!" मग भटजींना म्हणाले, "पुन्हा धरा हो अंतरपाट, एक मिनिट."

भटजी धरायला तयार होते. रम्या मात्र म्हणाली, "पुन्हा नाही. मला मिळालंय."

"काय मिळालंय? डोंबल?"

त्यावर रम्याच्या जिभेवर बरंच काही आलं, पण ते सगळं तिनं गिळलं, कारण कडेवरची पोर हुंदके देत होती आणि रक्त थांबत नव्हतं. छत्राच्या स्वयंपाक्यानं बर्फ दिला. उरलेलं लग्न तिनं तसंच काढलं. ओठाला बर्फाची पुरचुंडी धरून निधी तिच्या मागं मागं, ओढणी पकडून.

मामांचा राग उगाच नव्हता, ते नंतर कळलं. टॅब वर धरण्याआधीच त्यांनी घाईत बटण दोनदा दाबलं होतं, म्हणजे चालू झालेलं रेकॉर्डिंग लगेच बंद. त्यामुळं टॅबमध्ये अंतरपाट नव्हता, नवरी नव्हती, फक्त मांडवातल्या गालिच्याचा एवढासा तुकडा आणि कुणाचं तरी पाऊल होतं. आता मुलाला काय दाखवणार? मग दोष कुणावर तरी टाकायला हवा होता. मामा घरोघरी जायचेच, शिवाय समाजाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता, त्यावर त्यांनी लिहिलं. 'फोटोसाठी आपली मुलगी घ्यावी हे खरे, परंतु पोर सांभाळायचे की फोटो काढायचे हे तिने आधी ठरवावे.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

रम्यानं ते वाचलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. पोळी तव्यावर अशी आपटली की गौराबाई गुडघा विसरून उठल्या.

"जाऊ दे ग, मोठे आहेत ते," रविकिरण म्हणाला.

"मोठेच आहेत. म्हणून तर फ्रेममध्ये दुसरं काही मावलं नाही!"

"मग उत्तर लिही ग्रुपवर."

"काय लिहू? 'नाही हो, मी पोरीकडं बघत नव्हते,' असं लिहू? आई म्हणून?"

समोर निधी सुजल्या ओठानं दूध पीत होती आणि प्रत्येक घोटाला डोळे मिटत होती. रम्याला मामांचा राग आला, अंगठ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त कुणाचा आला ते तिनं त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी नरसिंगरावांच्या घरून फोन आला. लग्न बघून ठरवणाऱ्या घरांतलंच हे एक, मुलीच्या साखरपुड्याचं काम तिला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. "अक्का, चुकीचं समजू नका, पण आमच्यात वडीलधारी मंडळी आहेत..." पुढचं तिनं ऐकलंच नाही. फोन ठेवला आणि व्हॉल्व्हचा फोटो काढायला गेली. मेटगळ्ळीचे लोक सांगतात, त्या महिन्यातले तिचे व्हॉल्व्ह फार रागीट आले.

मग तिनं तो अंतरपाटाचा फोटो उघडला. इतके दिवस बघितलाच नव्हता. पहिल्यांदा दिसली ती नुसती पाठ. घामानं भिजलेला रेशमी शर्ट, मानेवरची घडी, वर धरलेले दोन हात. नवरा-नवरी त्या पाठीआड गडप. तिनं स्वतःलाच एक शिवी दिली. आणि मग तिचं लक्ष वर गेलं. डोक्यावर धरलेल्या त्या टॅबच्या काचेत दोघं होते. हाताच्या तळव्याएवढे. सुमा मान वर करून बघते आहे आणि तिच्या कपाळावर पहिली अक्षता नुकतीच टेकते आहे. आणि डाव्या कडेला, काचेबाहेर, खऱ्या मांडवात, नवरीच्या मागची मामाची जागा रिकामी. खुर्चीवर नुसतं उपरणं.

फोटो चांगला आला होता. इतका चांगला की त्याचाही तिला राग आला.

तिनं तो दरवाजाएवढा छापला आणि मांजर काढून त्या जागी भिंतीवर लावला.

अल्बमचे फोटो निवडायला सुमा आली आणि बरोबर शंभूमामा. मामा जिना चढतानाच बोलत होते, "एक तरी नीट असला तर नशीब." दारात आले आणि थांबले. स्वतःची पाठ एवढी मोठी कुणी कधी बघितलेली असते?

सुमा जवळ गेली. नाक फोटोला लागेल इतकी जवळ. "रम्याक्का, हे मी आहे," ती म्हणाली. मग तिची नजर डावीकडं गेली, मग ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. "मामा, तुम्ही माझ्या मागं नव्हताच."

"एनु? काय? अग, मी तुझ्यासाठीच तर..."

"गालिच्याचा व्हिडिओ काढत होतात."

मामांचा चेहरा उदबत्तीच्या पाकिटासारखा लालभडक झाला. भाचीला काय बोलणार! ते रम्याकडं वळले. "हा फोटो आधी खाली काढ. येणारी-जाणारी माणसं बघतात. आणि फोटो मिळाला म्हणजे तू शहाणी झालीस असं नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तू पोर कडेवर घेऊन बसली होतीस. सांग, त्या वेळी तुझं लक्ष पोरीकडं होतं की नव्हतं?"

निधी टेबलाखाली बसून खडूनं रंगवत होती. ओठावर अजून बारीक रेघ होती. रम्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मग मामांकडं. आवाज चढवला नाही, पण खालच्या औषधवाल्यानंही मान वर केली म्हणतात. ती म्हणाली:

"मामा, फोटोत आवाज येत नाही, म्हणून सांगते. तुम्ही ही पाठ करून उभे होतात ना, तेव्हा माझी पोर माझ्या मागं पडून 'अम्मा, अम्मा' म्हणून ओरडत होती. तोंड रक्तानं भरलं होतं तिचं. आणि मी वळले नाही. अक्षता पडून गेल्या, मग वळले. आता ग्रुपवर लिहायचं तर खरं लिहा, रम्या पोरीकडं बघत होती असं नाही, बघत नव्हती असं लिहा. तुम्ही भाचीच्या मागं नव्हता, मी पोरीजवळ नव्हते. हा फोटो आपल्या दोघांचा आहे, मामा. मी तो खाली काढणार नाही."