बॅटरीच्या गल्लीतले कोळी

अकोल्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते तेव्हा प्रबंधासाठी माझ्या वाट्याला कोळी आले. मला कोळ्यांची भयंकर भीती वाटायची, पण माझ्या मार्गदर्शक सरांना ते सांगायची हिंमत नव्हती. त्यांचं म्हणणं सोपं होतं. कोळी एका जागी जाळं विणून बसतो, तिथल्याच माश्या-डास खातो. त्या जागेच्या धुळीत शिसं असेल तर ते त्याच्या अंगात साठत जातं. कोळी वाळवायचे, आम्लात विरघळवायचे आणि यंत्रावर शिसं मोजायचं. काही कोळी मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गोठ्यातून आणायचे, काही जुन्या शहरातल्या बॅटरी दुरुस्तीच्या गल्लीतून.

त्या वर्षांत कपाशीच्या नापिकीने सगळ्या वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं होतं. नवी बॅटरी कोणी घेत नव्हतं. ट्रॅक्टरची, जीपची जुनीच दुरुस्त करून वापरायचे. त्यामुळे त्या गल्लीला मात्र उसंत नव्हती. जुनं शिसं वितळवून नवे भाग ओतायचं काम घरांच्या अंगणातच चालायचं.

मी गेले नेमकी दिवाळीच्या तोंडावर. पहिल्या दोन-तीन घरांतली जाळी झाडून झाली होती. पुढे एका मिस्त्रीच्या अंगणात, शिसं वितळवायच्या शेगडीवरच्या पत्र्याखाली, लांब पायांचे कोळी लोंबताना दिसले. मिस्त्रीची बायको दारात आली. चाळिशीची असेल. मी तिला चाची म्हटलं आणि बाटली दाखवून कोळी मागितले.

“मकडी पायजे? मारशीन काय?”

खोटं बोलता आलं असतं. “मारावं लागते, चाची.”

“मंग नको. आमी मकडीले मारत नाही.” गुहेच्या तोंडावर जाळं विणून कोळ्याने पैगंबरांना कसं वाचवलं, ते तिने दारातच उभ्या उभ्या सांगितलं. मी बाटली पिशवीत टाकून वळले, तर तीच मागून म्हणाली, “पन काहून पायजे, थे तर सांग.”

मी सांगितलं. शेगडीपासून चार हातांवर तिची धाकटी लेक मातीत बसून पाव खात होती. मी म्हटलं, “मकडीच्या अंगात शिसं निघालं, तर हिच्याबी अंगात जाऊन राहिलं असन.”

चाचीने पत्र्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“ने मंग. पन साऱ्या नको नेऊ.”

पहिलाच कोळी बाटलीच्या तोंडाशी आला तशी मी हात मागे घेतला आणि तो निसटला. चाचीने बाटली काढून घेतली, स्टुलावर चढली आणि पोस्टकार्डाने एकेक कोळी आत सरकवला. प्रत्येकाला बाटलीत सोडताना ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मग मला चहा पाजला.

गोठ्यातल्या कोळ्यांत शिसं जेमतेम निघालं. चाचीच्या घरातल्या कोळ्यांत त्याच्या कितीतरी पट.

“झालं सर, माझं काम झालं,” मी आनंदाने म्हटलं.

“तुझं झालं. त्या घराचं काय?” सर म्हणाले. “जाऊन सांगून ये.”

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो चिडला. “आता कुठं धंदा लागून राहिला, अन् तुमी म्हनता शेगडी इझवा?”

चाची त्याला एवढंच म्हणाली, “पोरगी रोज पोट दुखते म्हनते. तुमी आयकता ना?”

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “पोरीचं कसं तपासाचं?”

सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. त्यात शिसं निघालं. मिस्त्रीने शेगडी उचलली आणि वस्तीपासून लांब, मेहुण्याच्या रिकाम्या शेडमध्ये नेली. कपडे तिथेच बदलून घरी येऊ लागला. अंगणातली वरची माती चाचीने खरवडून पोत्यांत भरून घराबाहेर काढली. विष संपलं नव्हतं, नुसतं दूर गेलं होतं, आणि मिस्त्रीच्या छातीत तर जातच होतं. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, “माहं राहू द्या, बाई. पोरगी तं दूर झाली.”

काही महिन्यांनी तो दुसऱ्या तपासणीचा कागद घेऊन कॉलेजात आला. कागद इंग्रजीत होता. “कमी झालं काय, वाचून सांगा.” कमी झालं होतं. मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. त्याने कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “तुमच्या चाचीनं तुमाले जेवाले बोलावलं.”

जेवताना मी तिला म्हटलं, प्रबंधात तुमचे आभार मानायचे आहेत, नाव टाकते.

“नाव नको टाकू, माय! लोक म्हनतीन, हिच्या घरात जाळ्याच जाळ्या!”

म्हणून मी ‘जुन्या शहरातील एक गृहिणी’ असं लिहिलं. आभाराच्या पानावर ती ओळ सगळ्यांत वर आहे, विभागप्रमुखांच्याही आधी. सरांनी पान वाचलं, क्रम बदलायला सांगितला नाही, आणि खाली सही केली.