इंजिनियर म्हणून केलेली सही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण गच्चीवरच्या मशीनरूममध्ये शिरला, की फूटभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो मोटरच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मिनिटभराने म्हणायचा, "मागचं बेअरिंग गेलंय." उघडून पाहावं, तर मागचंच बेअरिंग गेलेलं असायचं. शाळा त्याने नववीत सोडलेली. पुढचं सगळं शिक्षण मामाच्या हाताखाली, ग्रीस पुसत आणि शिव्या खात झालं होतं.

पगारपत्रकावर त्याचा हुद्दा होता मेकॅनिक. लोक मिस्त्री म्हणत, नाहीतर नुसतंच "लिफ्टवाला आला" म्हणून आत ओरडून सांगत. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मग कंपनीचे मालक बदलले. त्यांनी नवा व्यवस्थापक पाठवला, वयाने पस्तिशीचा आणि जिभेवर साखर ठेवून बोलणारा. पहिल्याच बैठकीत त्याने जाहीर केलं, "आजपासून आपल्याकडे मेकॅनिक कोणी नाही. सगळे सर्व्हिस इंजिनियर!" टाळ्या पडल्या. प्रत्येकाला दोन निळे शर्ट आणि कार्डांची एकेक डबी मिळाली. कानसेनच्या कार्डावर तर 'सीनियर' असंही होतं.

बैठक संपल्यावर तो घुटमळला. "साहेब, मी नववी नापास आहे."

"अहो, तुमची परीक्षा कोण घेतंय?" व्यवस्थापक हसला. "गिऱ्हाइकाला दारात मिस्त्री नको असतो. इंजिनियर आला म्हटलं की बिल बघून कपाळाला आठ्या पडत नाहीत. तुम्ही फक्त शर्टाला इस्त्री करत जा."

पगार होता तेवढाच राहिला. ओव्हरटाइम मात्र बंद झाला, कारण इंजिनियरला ओव्हरटाइम नसतो.

घरी बायकोने कार्ड दोनदा वाचलं. "अहो, सीनियर म्हणजे सगळ्यांच्या वर ना?"

"वर मी पहिल्यापासून आहे. मशीनरूम गच्चीवरच असते," तो म्हणाला.

ती हसली, पण त्याच संध्याकाळी तिने बहिणीला फोन लावून ती बातमी सांगितलीच. मुलीचा इंजिनियरिंगच्या प्रवेशाचा अर्ज तेव्हा भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने न विचारता 'इंजिनियर' लिहिलं. त्याने ते पाहिलं, पण खोडायला लावलं नाही. खोटं कसं म्हणायचं? कार्डावर छापलेलं होतंच की.

हळूहळू त्यालाही ते आवडू लागलं, हे कबूल करायला हवं. खिशाला पेन आलं. पूर्वी तो "बघतो" म्हणायचा, आता "तपासून रिपोर्ट देतो" म्हणू लागला. गिऱ्हाइकं खुर्ची पुढे करू लागली. कोणी खुर्ची पुढे केली, की माणूस जरा ताठ बसतोच.

दोन वर्षं अशी गेली. मग एका इस्पितळाची जुनी लिफ्ट त्याच्या वाट्याला आली. स्ट्रेचर मावेल एवढी मोठी, चार मजल्यांची. वर जाऊन त्याने कान लावला. मोटर ठीक होती, पण थांबताना ब्रेक कुरकुरत होता, आणि लिफ्ट मजल्याला येऊन टेकल्यावर दोन बोटं सरकत होती. त्याने ब्रेक उघडला. पट्टे झिजून पत्र्याला आले होते. त्याने तिथूनच फोन लावला.

"साहेब, ही लिफ्ट आजच बंद करायला हवी."

"नवे पट्टे यायला आठ दिवस आहेत," व्यवस्थापक म्हणाला. "आठ दिवस पेशंट काय पाठुंगळी न्यायचे? इस्पितळवाले करार मोडतील."

"पण साहेब, ब्रेक धरतच नाहीये—"

"मग तसं रिपोर्टात लिहा. मिस्त्रीसारखे हटून काय बसता? इंजिनियर आहात तुम्ही. पद्धतीने चला."

हा टोला बरोबर बसला. कानसेनने रिपोर्ट लिहिला: ब्रेकचे पट्टे पूर्ण झिजले आहेत, लिफ्ट बंद ठेवावी. खाली सही केली. सहीखाली हुद्दा छापलेला होताच. एक प्रत इस्पितळाच्या कार्यालयात दिली. तिथल्या कारकुनाने ती न वाचता फायलीला लावली. मग लिफ्ट चालू ठेवून कानसेन जिन्याने खाली उतरला.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चादरींची ट्रॉली घेऊन एक आया दुसऱ्या मजल्यावर उतरत होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती पाठमोरी बाहेर पडली, ट्रॉली अर्धी आत, अर्धी बाहेर. तेवढ्यात ब्रेक सुटला. एवढी मोठी लिफ्ट रिकामी असली की दोराच्या दुसऱ्या टोकाला तोल म्हणून लावलेलं वजन तिला वर ओढतं. लिफ्ट हातभर वर सरकली आणि भरलेली ट्रॉली मावशीच्या पायावर उलटली. नडगी आणि घोटा, दोन्ही मोडले.

चौकशी बसली. लांबलचक टेबल, पलीकडे तिघे जण, एका बाजूला कंपनीचा वकील आणि व्यवस्थापक. कानसेन रिपोर्टची प्रत घेऊन गेला होता. त्याला वाटलं, लिहिलेलं आहे, आता काय भ्यायचं?

वकिलाने प्रत हातात घेतली. "आपलं शिक्षण?"

"नववी."

"इंजिनियरिंगची पदवी? पदविका? काही प्रमाणपत्र?"

"नाही."

वकील समितीकडे वळला. "हे गृहस्थ फार तर टेक्निशियन आहेत. लिफ्ट बंद करावी की नाही, हे इंजिनियर ठरवतो. टेक्निशियनच्या शेऱ्याला कंपनी तज्ज्ञाचं मत कसं मानणार?"

"मग इंजिनियर कोण होता?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"कागदोपत्री हेच. सही यांची आहे. धोका दिसत असताना लिफ्ट चालू ठेवून हे निघून गेले, ही जबाबदारी इंजिनियर म्हणून त्यांचीच."

कानसेनला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे मी बोललो तेव्हा टेक्निशियन, आणि सही केली तेव्हा इंजिनियर?"

कोणीतरी खोकलं. "तुम्ही हे पद वापरताना हरकत घेतली होती का?" वकिलाने विचारलं.

"तोंडी घेतली होती."

व्यवस्थापक भिंतीकडे पाहत म्हणाला, "मला तसं आठवत नाही."

निकालात तिन्ही बाजूंना थोडं थोडं झोडपलं होतं, पण कंपनीला समज मिळाली आणि इस्पितळाला सूचना. कानसेनला मात्र मशीनरूममध्ये पाय ठेवायला बंदी झाली. त्याला गोदामात बसवलं. तिथे तो नटबोल्टांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, 'पदवी नसलेला इंजिनियर' अशा मथळ्याखाली. मुलीच्या वर्गात त्या पोचायला दोन दिवस लागले.

ती घरी आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना आपण इंजिनियर नाही ते? आम्ही इथे रात्रंदिवस घासतोय, आणि तुम्ही खुशाल..." पुढचं तिने गिळलं.

"कंपनीने दिलं होतं ते," बायको मध्ये पडली.

"देतील! घ्यायचं कशाला?"

वकिलाचं बोलणं कानसेनने पचवलं होतं. हे त्याच्या घशाखाली उतरेना.

महिनाभराने तो मावशीच्या घरी गेला. ती एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिथे लिफ्ट नव्हती, म्हणून प्लास्टर घातल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. खाटेवर बसून ती सुनेला वाटाणे सोलून देत होती.

"तुम्हीच ना ते इंजिनियर?" तिने विचारलं.

हो म्हणावं की नाही, त्याला कळेना. "मी लिफ्टचं काम करायचो," तो म्हणाला.

"लिफ्ट बिघडलीय हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणतात."

"होतं. मी लिहून दिलं होतं."

"लिहून," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मग बंद का नाही केलीत? बटण काय तुमच्या हाताशी नव्हतं?"

बटण हाताशीच होतं. पूर्वी एका गोदामाच्या लिफ्टचा दोर तुटायला आला होता, तेव्हा त्याने कोणाला न विचारता मेन स्विच पाडला होता आणि फ्यूज खिशात घालून पायरीवर बसला होता. मालकाने आईबहिणीवरून शिव्या घातल्या. तो दोर बदलेपर्यंत उठला नाही. त्या वेळी ना रिपोर्ट होता, ना सही.

"आधी करायचो मी बंद," तो म्हणाला.

"आधी म्हणजे कधी?"

"इंजिनियर व्हायच्या आधी."

मावशीने एक शेंग उचलली, सोलली, दाणे ताटात टाकले. मग सुनेला म्हणाली, "दिवा लाव गं बाहेरचा. जिन्यात अंधार आहे, यांना उतरायचंय."