एक कुपी हाड आणि माझा शेरा

विषय : जबड्यातील पोकळी भरण्यासाठी कृत्रिम हाड मिळणेबाबत.
संदर्भ : त्यावरील माझाच शेरा.

नांदेडच्या एका दंत रुग्णालयात मी भांडार शाखेचा लिपिक होतो. अशा नोकरीत किस्से टेबलाच्या खणातल्या टाचण्यांसारखे साचतात. दुसऱ्याला टोचलेल्या आठवल्या की हसू येतं. मी बरीच वर्षं हसलो.

*

सुभद्रामावशी आमच्याकडे सफाईला होत्या. गाव कंधार. त्यांच्या खालच्या जबड्यातली गाठ काढल्यावर तिथं खड्डा राहणार होता. तो भरायला डॉक्टर सोनटक्के मॅडमनी मागणीपत्र पाठवलं : कृत्रिम हाड, एक कुपी.

मी विचारलं, "मॅडम, हाड कोणाचं?"

"कुणाचंच नाही. कारखान्यात बनतं. त्याच्या आधारानं पेशंटचं स्वतःचं हाड वाढतं."

मी शेरा मारला : "हाड निनावी आहे. मूळ धारकाचे संमतीपत्र जोडावे."

शाखा दोन दिवस हसली. मला वाटलं, शेऱ्यावर!

*

शेवटी कुपी आली. मोजल्याशिवाय साठा नोंदवहीत चढवायचा नाही, ही माझी शिस्त. सील फोडलं, दाणे कोऱ्या कागदावर ओतले आणि टाचणीनं मोजायला बसलो. वर पंखा चालू.

मॅडम दारात किंचाळल्या, "अहो, ते निर्जंतुक होतं!"

"मध्ये बोलू नका. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल."

मावशींचं ऑपरेशन झालं. खड्डा तसाच राहिला.

*

मॅडमनी दुसरी कुपी मागितली. पहिलीचं काय झालं, हे कागदावर यायला हवं होतं. मी लिहिलं : "रुग्णाने सहकार्य न केल्याने साहित्य वाया गेले. पुन्हा देता येणार नाही."

वर तोंडानं सुनावलं, "जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. ट्यूबलाइटलाही हाच नियम आहे."

मावशी तिथंच फरशी पुसत होत्या. "जबडाच जमा करते, भाऊसाहेब. पावती द्या तेवढी!"

*

माझ्या निरोप समारंभात मी भाषण केलं. म्हणालो, माझ्या हातून कुणाचं नुकसान झालं नाही. टाळ्या वाजल्या. मावशींनीही वाजवल्या.

नंतर बघतो तर त्या प्लेटमधला चिवडा पदरात बांधत होत्या. "चाववत न्हाई, भाऊसाहेब. दोन दात गेले, तिसरा हालून राहिला."

*

पुढं माझीच दाढ काढावी लागली. मुलगा लातूरला असतो, म्हणून तिथल्या दवाखान्यात गेलो. समोर सोनटक्के मॅडम! आमची नोकरी सोडून त्यांनी लातुरात दवाखाना टाकला होता.

त्यांनी माझ्या खड्ड्यात तेच दाणे भरले. तोंडात कापूस कोंबून झाल्यावर म्हणाल्या, "काका, मूळ धारकाचं संमतीपत्र आणलंत?"

उत्तर द्यायची सोय नव्हती. तेवढीच अब्रू वाचली.

काही महिन्यांनी त्यांनी एक्स-रे दाखवला. "बघा, किती छान हाड आलंय!" मला बघवेना.

*

नांदेडला गेलो. "मावशी, लातूरला चला. हाडाचं मी बघतो."

मावशींनी पोछा थांबवला. "हाडाचं मागनं बघू. बाईनं वाया घालवलं, असं लिव्हलंय ना तुम्ही? ते आधी खोडा. लई जणांनी वाचून दाखवलंय मला."

मी तिथंच अर्ज लिहिला : कुपी मी फोडली, शेरा खोटा आहे, तो रद्द व्हावा.

माझ्या खुर्चीवरच्या नव्या लिपिकानं अर्ज वाचला आणि भिंतीवरच्या सूचनेकडे बोट केलं. ज्याने शेरा लिहिला त्यानेच, पदावर असताना, तो मागे घ्यावा. "तुमचंच अक्षर हाय ना, साहेब?"

"अहो, पण मी रिटायर झालो!"

"तेच म्हणून राहिलो मी."

मावशींनी दोन चहा आणले. माझ्यापुढं बिस्किटं ठेवली. स्वतःचं बिस्किट त्यांनी चहात पार विरघळेपर्यंत धरलं आणि मग पिऊन टाकलं.

अर्ज आवक नोंदवहीत घेतला आहे. मावशी येत्या मेअखेर निवृत्त होत आहेत. अर्ज प्रलंबित आहे.