शालूचे कागद आणि केशवरावची हरकत

आज पहाटेपासून धुई पडून राहिली. कुंपणापलीकडचा केशवरावचा बगीचा दिसत नाही, नुसता केशवराव खोकताना ऐकू येतो. अशा हवेत हाताला काम नसते आणि किस्से आठवतात. गळालेल्या संत्र्यांसारखे असतात ते. एक उचलायला वाकलं की बाजूला चार दिसतात! मी सांगतो, शालू लिहून घेते.

*

शालू आमच्या बोरगावच्या घरी आली तेव्हा पाच वर्षांची. आईबाप नव्हते, बालगृहात होती. "सहा महिने सांभाळा," सरकारी मॅडम म्हणाल्या. मी संत्र्याची कलमं बांधणारा माणूस, शाळा पाहिली नाही. सहा महिन्यांनी मॅडम नवा कागद घेऊन आल्या, मी अंगठा लावला. पुढच्या खेपेला पुन्हा अंगठा. असे अंगठे लावता लावता पोरगी अठरा वर्षांची झाली!

*

मग मॅडम यायच्या बंद झाल्या. मी बुढीला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "चाल, पोट्टी आता आपली झाली."

शालू हळूच म्हणाली, "नाही आबा. तुमी मले सांभाळलं, दत्तक नाही घेतलं. कागदावर मी अजून पाहुणीच हावो."

मला वाटत होतं, एवढ्या अंगठ्यांत तेही आलं असेल!

दोन दिवस मी ताटावर बसलो नाही. शेवटी तीच ताट घेऊन आली. "जेवा आबा. अठरा वर्सं झाले, आता दत्तक होत नाही. माह्यं राह्यलं ते राह्यलं. दुसऱ्या पोराचं नाही राहू देत."

तेव्हापासून ती गावोगाव दत्तकाचं सांगत फिरते. मी तिची पिशवी धरतो.

*

पांढुर्ण्याच्या मीटिंगमध्ये एका बाईनं विचारलं, "पोरगं नाही जमलं तर वापस करता येते का?"

शालू चिडली. "काकू, तुमच्या पोटच्या पोराले वापस करता का?"

"त्याचंच विचारून राहिली ना मी!"

*

आमच्या गावातली मीटिंग मात्र अवघड गेली. केशवरावच्या पोराला, नीलेशला, लग्नाच्या दहा वर्षांतही लेकरू नव्हतं. सूनबाई मागच्या ओळीत पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि केशवराव पुढच्या.

शालू म्हणाली, "आमचे आबा जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळी लिंबाची, फळ संत्र्याचं. फळाले कोणी विचारते का, तुही मुळी कोणाची?"

केशवराव उठला. "विचारतो ना! झाड बिघडलं की आमी पयले मुळीच पाह्यतो. रक्त म्हणजे रक्त!"

मी कधी मीटिंगमध्ये बोलत नाही, पण कलमांची गोष्ट होती. म्हटलं, "पाह्यता ना गा. मंग झाड उपटता, का औषध घालता?"

केशवराव खाली बसला. चार महिने कुंपणाकडे फिरकला नाही!

*

तरी नीलेशनं दत्तकाचा अर्ज भरला. चौकशीला सरकारी मॅडम केशवरावच्या घरी आल्या. केशवरावनं टोपलीतली दोन संत्री हुंगून बाजूला ठेवली, तिसरं मॅडमच्या हातात दिलं. हुंगल्याशिवाय तो संत्रं सोलत नाही, ही त्याची जुनी खोड.

"आजोबा, तुमची काही हरकत?" मॅडमनी विचारलं.

सूनबाई चहा घेऊन दारातच थांबली होती. केशवरावनं तिच्याकडे पाहिलं.

"हरकत हाय. पण घरातली भांडणं आमी बाहेरच्याले सांगत नाही. लिवा, हरकत नाही!"

*

दोन वर्षं वाट पाहिल्यावर चिऊ आली, तीन वर्षांची. महिना झाला, पण केशवरावनं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. सूनबाई रोज कुंपणाशी येऊन शालूला विचारायची, "ताई, मामंजी कधी बोलतील वो तिच्याशी?"

आज धुई थोडी विरळ झाली तर चिऊ त्यांच्या ओट्यावर दिसली, संत्र्यांच्या टोपलीजवळ. तिनं एक उचललं, नाकाशी नेलं, ठेवून दिलं. दुसरं हुंगलं, तेही ठेवलं. तिसरं मात्र पोटाशी धरलं.

केशवराव कुंपणापर्यंत पळत आला.

"पाह्यलं का गा? आमच्या चिऊनं कसं फळ निवडलं! रक्त म्हणजे रक्त!"